सहा-तेराची गाडी

मरीन ड्राइव्हला जायचं म्हणून घरातली चार माणसं आठ दिवस आधीपासून वेळापत्रक आखताहेत, असं २०२० च्या आधी मला कुणी सांगितलं असतं, तर मी सरळ हसले असते. मरीन ड्राइव्हला काय कुणी ठरवून जातं? कॉलेज बंक केलं की जातो, ब्रेकअप झालं की जातो, पाऊस आला की जातो. पण हे होतं फेब्रुवारी २०२१, आणि आम्ही राहतो डोंबिवलीत.

१ फेब्रुवारीपासून लोकल सगळ्यांसाठी सुरू झाली होती खरी, पण वेळेच्या अटी घालून. पहाटेच्या पहिल्या गाडीपासून सकाळी सातपर्यंत, मग दुपारी बारा ते चार, मग थेट रात्री नऊनंतर. म्हणजे दुपारी बाराला निघालात, तर चारच्या आत परत फिरा. नाहीतर रात्री नऊपर्यंत मुंबईत बसून राहा. "सहलीला जायचं की संचारबंदीला?" असं माझ्या धाकट्या भावाने विचारलंसुद्धा.

आईचा तर ठाम विरोध होता. बाबा साठीचे. साठीच्या पुढच्यांना लस मिळायला १ मार्च उजाडणार होता. "एवढे अकरा महिने काढले, आणखी एक महिना काढला तर काय मरीन ड्राइव्ह पळून जाणार आहे?" तिचं लॉजिक बिनतोड होतं. पण बाबा पहिल्यांदाच काहीतरी मागत होते. "एकदा जाऊन येऊ या," एवढंच म्हणाले. अकरा महिन्यांत त्यांनी स्वतःहून काढलेला हा बहुधा पहिलाच विषय होता!

आता बाबांची गोष्ट सांगायलाच हवी. बाबांचा वाढदिवस १ जून. त्यांच्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राचा असतो, तसाच. शाळेत नाव घालताना गुरुजींना सोयीची वाटलेली तारीख. त्यामुळे रिटायरमेंट ३१ मेला, आणि बाबांच्या नशिबी आला ३१ मे २०२०. छत्तीस वर्षं नरिमन पॉइंटच्या एकाच ऑफिसात, हिशेब खात्यात काढलेला माणूस निवृत्त झाला तो आमच्या हॉलमधल्या दिवाणावर बसून. शेवटचे ऑफिसला गेले ते २० मार्चला, शुक्रवारी. "सोमवारी बघू" म्हणून ड्रॉवरमध्ये चपला, छत्री आणि डब्याचा चमचा ठेवून आले. तो सोमवार काही आलाच नाही.

निरोप समारंभ झाला, व्हिडिओ कॉलवर. बाबांनी आदल्या रात्री कागदावर चार शब्द लिहून काढले होते. इस्त्रीचा शर्ट घातला, खाली घरचा पायजमा. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला आणि बोलायला लागले. चांगले चार-पाच मिनिटं बोलले. मग पलीकडून कुणीतरी म्हणालं, "साहेब, तुम्ही म्यूटवर आहात." तोवर वेळ संपत आली होती. बाबा हसून म्हणाले, "असू दे, थँक यू सगळ्यांना." बस्स.

आणि मी कुठे होते? आतल्या खोलीत, घरातला एकमेव लॅपटॉप घेऊन. फ्रीलान्सिंगची कामं एकामागून एक गळत होती, आणि जे एक उरलं होतं त्याची डेडलाइन होती. विषय होता, 'घरून काम करताना पाठ कशी सांभाळाल?' बाबांचं भाषण मीही ऐकलं नाही. लॅपटॉप दिला असता तर म्यूटचं बटण त्यांना निदान दिसलं तरी असतं, हा विचार मला नंतर कितीतरी रात्री छळत होता.

त्यानंतर बाबा शांत झाले. भांडण नाही, तक्रार नाही. सकाळी साडेसहाला उठायचे, दाढी करायचे आणि गॅलरीत बसायचे. सप्टेंबरात त्यांच्या गाडीतल्या ग्रुपमधले एक काका कोविडने गेले. वीस वर्षं ज्यांनी बाबांसाठी जागा धरली, त्यांना शेवटचं बघायलाही जाता आलं नाही. तेव्हाही बाबा फक्त गॅलरीत जाऊन बसले.

तर, दुसरा शनिवार. रविवारी मेगाब्लॉकची भीती, म्हणून शनिवार. आईने ब्लाऊजपीसचे मास्क प्रत्येकाला दोन-दोन लावायला लावले. पर्समध्ये सॅनिटायझर, पिशवीत तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, पाण्याच्या चार बाटल्या आणि संध्याकाळी गार वारा सुटेल म्हणून शाल. महाबळेश्वरला निघाल्यासारखी!

बारानंतरच्या गाडीत बसायला चक्क जागा होती. एक सोडून एक सीटवर फुलीचे स्टिकर. आयुष्यभर चौथ्या सीटवर अर्धं टेकून प्रवास केलेल्या बाबांसमोर अख्खी खिडकी मोकळी होती. पण ते दारापाशी उभे राहिले. "बसा की," आई म्हणाली. "सवय नाही," ते म्हणाले. ठाणं, मुलुंड, घाटकोपर. प्रत्येक स्टेशनवर कोण चढतंय ते बघत होते. मास्कमुळे सगळे सारखेच दिसत होते. ओळखीचं कुणी नव्हतंच.

सीएसएमटीला उतरल्यावर मात्र बाबांची चाल बदलली. घरात पाय ओढत चालणारा माणूस हुतात्मा चौकापर्यंत असा सुटला की, आम्ही तिघं मागे धापा टाकत! ओव्हल मैदान मधल्या वाटेने ओलांडताना त्यांनी आम्हाला थांबवलं. "हे बघा. या हाताला राजाबाई टॉवर, हायकोर्ट, सगळं इंग्रजांच्या वेळचं गॉथिक. त्या हाताला आर्ट डेको, १९३० नंतरचं. दोन काळ, मध्ये क्रिकेट." २०१८ मध्ये युनेस्कोने या दोन्ही शैलींच्या इमारतींना मिळून जागतिक वारशात घेतलं, हे मला माहीत होतं. मी त्यावर एकदा लिहिलंही होतं, इंटरनेटवर वाचून. बाबा रोज त्यातून चालत जातात, त्यांना विचारावं, हे काही सुचलं नव्हतं.

मग आम्ही त्यांच्या बिल्डिंगपाशी गेलो. समुद्रात भर घालून उभ्या केलेल्या नरिमन पॉइंटच्या टॉवर्सपैकी एक. वॉचमन नवीन होता. त्याने कपाळावर थर्मामीटरची बंदूक धरली आणि विचारलं, "कुठे जायचंय?" बाबांनी कंपनीचं नाव सांगितलं.

"ती कंपनी तर गेली साहेब. दोन महिने झाले. मजला रिकामा आहे."

माझं डोकंच फिरलं. छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला साधा एक फोन नाही? मी तावातावाने बोलायला लागले, तर बाबांनी हात वर केला. "सांगितलं होतं गं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं होतं. सगळ्यांना घरूनच काम दिलंय."

"मग आलो कशाला आपण?" भावाने विचारलं.

बाबा वर बघत होते. सातवा मजला, काचा बंद. "बघायला," ते म्हणाले. छत्रीचं वगैरे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. दोन मिनिटं थांबले, वॉचमनला नमस्कार केला आणि रस्ता ओलांडून समुद्राकडे चालायला लागले.

कट्ट्यावर बसलो तेव्हा साडेचार वाजले असतील. मुंबईतला सगळ्यात प्रसिद्ध रस्ता, अधिकृत नाव नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग. साडेतीन किलोमीटरच्या आसपासचा तो अर्धवर्तुळाकार वळसा, रात्री दिवे लागले की राणीचा हार. गर्दी होती, पण नेहमीची नव्हे. जोडपी होती, हातभर अंतर ठेवून बसलेली. ते कोविडमुळे की मार्शलमुळे, कळायला मार्ग नव्हता! मास्क खाली दिसला की, महापालिकेचे क्लीन-अप मार्शल दोनशे रुपयांची पावती फाडत होते. त्यामुळे आमच्या पुऱ्या खाणं म्हणजे एक ऑपरेशनच झालं. मास्क खाली, घास आत, मास्क वर.

सव्वासहाच्या सुमारास बाबांनी घड्याळ बघितलं आणि चटकन उठून उभे राहिले. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं.

"काय झालं?"

"सहा-तेरा," ते म्हणाले. "माझी गाडी."

आईने अगदी सहज विचारलं, "इथे किती वेळा बसलात हो, एवढ्या वर्षांत?"

बाबा खरंच हिशेब करायला लागले. शेवटी म्हणाले, "तीन-चार वेळा असेल."

छत्तीस वर्षं! समुद्र ऑफिसपासून पाच मिनिटांवर. पण पावणेसहाला निघायचं, सीएसएमटी गाठायचं, सहा-तेरा पकडायची. ती चुकली की, पुढच्या गाडीत ग्रुप नाही, जागा नाही, घरी पोचायला उशीर, आमचा अभ्यास, दळण, दूध. त्या संध्याकाळी सूर्य पावणेसातच्या आत बुडाला आणि आम्ही चौघांनी तो बघितला. आज तेवढी एकच गोष्ट होती की, नऊपर्यंत गाडीच नव्हती. पकडायला काही नव्हतंच. म्हणून बाबा बसले.

भाऊ मध्येच उठून कुठेतरी गेला आणि एक शहाळं घेऊन आला. आईच्या पिशवीतली शाल काढली, बाबांच्या खांद्यावर घातली आणि शहाळं हातात दिलं. "शाल आणि श्रीफळ. श्रीफळ जरा कोवळं आहे, चालवून घ्या. आता सत्कारमूर्ती दोन शब्द बोलतील."

मला वाटलं, बाबा झिडकारतील. त्यांनी आजूबाजूला बघितलं, घसा साफ केला आणि मला विचारलं, "म्यूट काढलंय ना?"

मी मान हलवली. माझ्याने बोलवेना.

"मी १९८४ मध्ये इथे लागलो," बाबा म्हणाले, "तेव्हा वाटलं होतं, दोन वर्षं करू आणि दुसरीकडे बघू. हिशेबात कधी चूक ठेवली नाही. गाडीतल्या मित्रांमुळे प्रवास सोपा गेला, त्यातला एक आज पाहिजे होता. आणि तुमच्या आईला इथे आणायचं राहून गेलं होतं, ते आज..."

"मास्क वर घ्या, काका!" मागून मार्शल ओरडला.

बाबांनी मास्क वर घेतला. भाषण संपलं. आम्ही टाळ्या वाजवल्या, शेजारच्या जोडप्यानेही वाजवल्या. आई समुद्राकडे बघत होती. चष्म्यावर वाफ धरली म्हणून पुसत होती. मास्कमुळे हो, अजून कशामुळे!

परतीच्या गाडीत बाबा खिडकीत बसले आणि कुर्ल्याच्या आत झोपले.

एप्रिलमध्ये पुन्हा सगळं बंद झालं. ती संध्याकाळ त्या दोन महिन्यांच्या फटीत सापडली, एवढंच. आज तुम्ही हे कदाचित डेस्कवर जेवता जेवता वाचत असाल. तुमच्या ऑफिसजवळही काहीतरी असेल. एखादं तळं, टेकडी, बाग, निदान बरा चहावाला. शेवटचे कधी गेला होतात?

बाबा आता दर दुसऱ्या शनिवारी मरीन ड्राइव्हला जातात. कधी आईबरोबर, कधी एकटे. पलीकडे २०२४ पासून कोस्टल रोडवरून गाड्या धावतात, त्याबद्दल त्यांची स्वतंत्र मतं आहेत. कट्टा तोच. सहा वाजून तेरा मिनिटांनी ते अजूनही घड्याळ बघतात. पण उठत नाहीत.