हातातील काठी

काठी घेतली ती गुडघ्यासाठी, असे मी घरी सांगितले होते. ते अर्धे खरे होते. गुडघा कुरकुर करीत असे यात शंका नाही. परंतु साठी उलटलेल्या मनुष्याने पहाटे फिरावयास निघावे आणि पेठेतल्या कुत्र्यांच्या टोळीपुढून जाताना त्याच्या हातात काही असू नये, हे मला बरे वाटत नव्हते. माणसाला दुखण्याची लाज वाटत नाही, भीतीची वाटते. म्हणून तो आपल्या भीतीस एखाद्या दुखण्याचे नाव देतो आणि ते दुखणे चारचौघांत खुशाल मिरवतो.

काठी आली आणि माझी चाल बदलली. पूर्वी मी कुत्र्यांना वळसा घालीत असे. आता कुत्री मला वळसा घालू लागली. तीन वर्षांत ती काठी मी एकदाही उगारली नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लहानसे दत्ताचे देऊळ आहे. तेथे काठी काखेत धरून मी रोज हात जोडीत असे. दत्ताच्या पायांशी चार कुत्री बसलेली असतात, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. काखेतल्या काठीचा आणि त्यांचा काही संबंध असेल, असे मात्र कधी मनात आले नाही. आपण धीट झालो आहोत अशीच माझी समजूत झाली होती.

गेल्या श्रावणातली गोष्ट. रात्रभर पाऊस पडून नुकताच थांबला होता. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा दुधाची पिशवी घेऊन समोरून येत होता. त्याला मी पूर्वी कधी पाहिले नव्हते. बंद दुकानाच्या पायरीवरून तीन-चार कुत्री भुंकत उठली. मुलगा घाबरून धावू लागला आणि कुत्री त्याच्यामागे लागली. त्यांतल्या एका तांबूस कुत्र्याने त्याची पोटरी धरली.

मी पंधरा पावलांवर होतो, काठी माझ्या हातात होती, आणि मी उभा राहिलो. किती वेळ? फार तर तीन-चार श्वासांचा अवधी असेल. परंतु तेवढ्या वेळात मला जे उमगले, ते तीन वर्षांत उमगले नव्हते. ती काठी मी माझ्यासाठी घेतली होती. ती दुसऱ्या कोणाची होऊ शकते, हा विचार तिच्या किंमतीत धरलेलाच नव्हता. हातात शस्त्र असलेला मनुष्य रस्त्यावर उभा असला म्हणजे दुबळ्याला संरक्षण मिळालेच, असे आपण धरून चालतो. परंतु काठी आणि ते पोर यांच्यामध्ये पंधरा पावलांचे अंतर असते, आणि ते काठीला तोडता येत नाही.

मुलगा ओरडला आणि मी धावलो. पहिला फटका कुत्र्याच्या पाठीवर बसला. त्यानंतर मी आणखी दोन फटके मारले. तिसरा त्याच्या मागच्या पायावर लागला. विव्हळत, तीन पायांवर उड्या घेत ते कुत्रे बोळात शिरले आणि दिसेनासे झाले.

लोक जमले. "शाबास आजोबा!" "तुम्ही होता म्हणून पोरगं वाचलं!" एका तरुणाने मोबाइल काढून माझे छायाचित्र घेतले. मी काठी टेकून ताठ उभा राहिलो, हे मला कबूल केले पाहिजे. इतक्यात धुणीभांड्यांच्या कामावर निघालेली एक बाई गर्दीत घुसली. "फोटो कसले काढताय? साबण आणा कुणीतरी!" असे ती ओरडली. चहावाल्याने साबणाची वडी दिली. तिने त्या मुलाला सार्वजनिक नळाखाली बसवले आणि पोटरीवरची जखम ती धुऊ लागली. मुलगा रडत होता. ती त्याला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने पाणी सोडीत होती. "पंधरा मिनिटं धुवायचं असतं, बाळा. माझ्या लेकाच्या वेळी डॉक्टरनं सांगितलं होतं," एवढेच ती पुनःपुन्हा म्हणत होती. कुत्र्याच्या लाळेतून येणारे विष प्रथम जखमेतच असते, आणि साबणपाण्याने ते पुष्कळसे वाहून जाते. एकदा का अलर्काची लक्षणे दिसू लागली की मनुष्य बहुधा वाचत नाही. जे काही करावयाचे ते आधीच करावे लागते. हे सारे मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकविताना मुलांना सांगितले होते. त्या घटकेला ते आठवले मात्र त्या बाईला. त्या सकाळी मुलाच्या जिवाचे खरे रक्षण कोणी केले असे कोणी विचारले, तर मी माझे नाव सांगणार नाही.

मुलाची आई धावत आली. वडील टेम्पो घेऊन परगावी गेलेले; म्हणून दवाखान्यात मी बरोबर गेलो. डॉक्टरांनी जखम पाहिली, जखमेभोवती एक औषध टोचले, दंडात लस दिली आणि विचारले, "कुत्रं कुठं आहे?"

मी सांगितले, "पळालं. मी चांगलं बडवलं त्याला."

डॉक्टर काही क्षण माझ्याकडे पाहत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "डोळ्यांसमोर राहिलं असतं तर दहा दिवस पाहता आलं असतं. दहा दिवस धडधाकट राहिलं, तर पुढच्या सुया वाचतात. आता सगळ्या घ्याव्या लागतील."

ते कुत्रे परके नव्हते. चहावाला त्याला रोज पाव घालीत असे. त्याची बसण्याची पायरी ठरलेली होती. एका फटक्यावर ते पळाले असते, तर संध्याकाळपर्यंत त्याच पायरीवर परत आले असते. पुढच्या दोन फटक्यांनी ते परागंदा झाले.

शाळेत लुई पाश्चरचा धडा आला की मी एक गोष्ट हमखास सांगत असे. ६ जुलै १८८५ रोजी पाश्चरने जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलास पहिली लस टोचली, हे पुस्तकात असे. माझी गोष्ट त्याच्या पुढची असे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात फ्रान्सच्या ज्युरा भागातील व्हिलेर-फार्ले या खेड्याच्या कुरणात सहा लहान गुराखी मुलांवर एक पिसाळलेले कुत्रे चालून आले. ज्याँ-बाप्तिस्त ज्युपीय हा पंधरा वर्षांचा गुराखी आडवा झाला. त्याच्यापाशी होता तो गुरे वळण्याचा चाबूक आणि पायांतली लाकडी पादत्राणे. कुत्र्याने त्याचा हात धरला. त्याने दुसऱ्या हाताने त्याचा जबडा उघडून तो सोडविला, चाबकाच्या वादीने तोंड आवळून बांधले आणि पायातल्या लाकडी बुटाने त्याला ठार केले. सहा दिवसांनी पाश्चरने त्याला लस देण्यास आरंभ केला, आणि तो वाचला. पुढे तो पॅरिसच्या पाश्चर संस्थेतच नोकरीस राहिला. कुत्र्याशी झुंजणाऱ्या त्या मुलाचा ब्राँझचा पुतळा त्या संस्थेच्या आवारात उभा आहे.

मुलांना ही गोष्ट फार आवडे, आणि मलाही. परंतु त्या रात्री ती मला वेगळीच दिसू लागली. ज्युपीयने कुत्रे ठार केले. माझे कुत्रे तर जिवंत निसटले. मग मला खंत वाटण्याचे कारण काय? कारण इतकेच की, त्याच्या कुत्र्याने धरलेले सोडले नव्हते आणि त्याच्या पाठीशी सहा पोरे होती. संकट होते तोवर त्याचा हात चालला. माझा हात संकट सरल्यावर चालला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत १९ वे कलम आहे: मनात गुन्ह्याचा हेतू नसता, दुसऱ्याच्या देहाची हानी टळावी म्हणून सद्भावाने केलेले कृत्य गुन्हा ठरत नाही. त्याच संहितेत ३२५ वे कलमही आहे. ते प्राण्यास ठार किंवा जायबंदी करण्यास गुन्हा ठरविते. माझा पहिला फटका निःसंशय पहिल्या कलमाच्या छायेत होता. पुढचे दोन कोणत्या कलमाचे, हे मला कोणी विचारले नाही. मी मात्र विचारीत राहिलो. पहिला फटका मी त्या मुलासाठी मारला. उरलेले दोन मी त्या तीन-चार श्वासांसाठी मारले, ज्यांत मी उभा राहिलो होतो. माझ्या भित्रेपणाचे प्रायश्चित्त मी त्या कुत्र्याच्या पाठीवर घेतले.

तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी मी त्या मुलाबरोबर दवाखान्यात गेलो. आईला कामावर खाडा करणे परवडत नव्हते, आणि मला तेवढे तरी करावेसे वाटत होते. शेवटची सुई झाल्यावर आम्ही शेंगदाण्याची चिक्की घेतली आणि चालत निघालो. बंद दुकानाच्या पायरीशी मुलगा थांबला.

"आजोबा, तांबू परत आलाच नाही."

"तांबू कोण?"

"तोच. मला चावला तो." थोडा वेळ चिक्की चावून तो पुढे म्हणाला, "पहिला फटका बसल्याबरोबर सोडलं होतं त्यानं मला."

त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. पोटरी त्याची होती. दात केव्हा सुटले हे त्याला ठाऊक असणारच. मी त्याचा हात धरून रस्ता ओलांडला. उत्तर द्यावे असे मला काही सुचले नाही.

काठी मी अजून नेतो. एखादे वेळी कोणाला तिची गरज लागेल, आणि तेव्हा उभा न राहता मी धावेन, एवढी आशा मी बाळगून आहे. पहाटे दत्तापुढे हात जोडताना मात्र ती आता काखेत धरीत नाही. पायरीशी उभी करून ठेवतो. आणि कशाला घेतली म्हणून कोणी विचारलेच, तर गुडघ्याचे नाव सांगत नाही.