दोन कार्बोरेटर

परवा रविवारी बाबांची १९८५ सालची राजदूत ३५० अंगणात काढली. दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर. आयडलिंगला लंगडत होती. आजवर हे काम बाबाच करायचे, नुसत्या कानाने. आता कानांनी साथ सोडलीय, हातही थरथरतात. म्हटलं, यावेळी आपणच बघू.

एअर फिल्टर काढला. आयडलचे दोन्ही स्क्रू सारखे केले. मग गाडी बंदच ठेवून, आरसा धरून ॲक्सिलरेटर हळूच पिळला. डावी स्लाइड आधी उचलली जायची, उजवी केसभर मागून. उजव्या केबलची ढील जरा काढली, पुन्हा पाहिलं. असं पंधरा वेळा! तासाभराने दोन्ही एकदम उठायला लागल्या.

किक मारली. निळा धूर... माझ्या कानाला तर सगळं झकास वाटत होतं. बाबा खुर्चीतून उठून मागे गेले, वाकले आणि दोन सायलेन्सरांमागे दोन तळवे धरले.

"डावीकडे जोर कमी आहे रे. पाव फेरा आत घे."

घेतला. बाबांनी डोळे मिटले, मान डोलावली.

त्यांचे हात तेव्हा थरथरत होते का, ते बघायचं राहूनच गेलं.