ओळखीतलं लग्न

रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळ आहे. संस्था १९३५ सालची. महाराष्ट्राबाहेरच्या अशा शहरात मराठी घरं एकमेकांना ओळखून असतात. गणेशोत्सवात बरोबर वावरलेली मुलं लग्नाच्या वयाची झाली की कुणीतरी म्हणतंच, "इतकी वर्षं ओळखता एकमेकांना, मग अडचण काय?" प्रेम नाही, निव्वळ सोय, म्हणून या प्रश्नाला नाक मुरडलं जातं. मला मात्र त्यात अर्थ दिसतो. सोयीसाठी केलेल्या लग्नातही मैत्री असेल तर ती प्रेमापेक्षा उणी नसते; फक्त ती खरी आहे की गरजेपोटी, हे सोय संपल्यावरच कळतं.

जॉर्जेट हेयरच्या 'अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट' (१९६१) या कादंबरीत हे फार नेमकेपणाने आलं आहे. काळ इंग्लंडमधल्या रीजन्सीचा, म्हणजे १८११ ते १८२० या दशकातला. वडिलांनी कर्जाचा डोंगर मागे ठेवल्यामुळे अ‍ॅडम आपलं प्रेम सोडून जेनीशी लग्न करतो. जेनी श्रीमंत व्यापाऱ्याची मुलगी आणि त्याच्या प्रेयसीचीच मैत्रीण. घर सासऱ्याच्या पैशावर उभं राहतं आणि अ‍ॅडमला ते सलत राहतं. मग १८१५ चा जून येतो. वॉटर्लूच्या लढाईत ब्रिटिशांचा पराभव झाल्याच्या अफवेने लंडनमध्ये सरकारी रोखे कोसळतात. सासरा घाबरून विकायला सांगतो. ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या हाताखाली लढलेला अ‍ॅडम उलट खरेदी करतो. विजयाची बातमी येते आणि तो स्वतःच्या पायावर उभा राहतो. आता त्याला जेनीच्या पैशाची गरज उरलेली नसते, तरी तिच्यावाचून करमत नाही. ही वीज कोसळल्यासारखी ओढ नाही, आणि हेयर तसं भासवतही नाही. तिच्या या संयमाचं मला फार मोल वाटतं.

यावर जेन ऑस्टिनची शार्लट पुढे केली जाईल. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधली (१८१३) ही सत्तावीस वर्षांची मुलगी केवळ आधारासाठी कॉलिन्स नावाच्या गृहस्थाशी लग्न करते आणि स्वतः बसायला मागची खोली निवडते, नवऱ्याची तिथे फारशी ये-जा नसावी म्हणून. हा आक्षेप खरा आहे, पण तिथे मुळात मैत्रीच नव्हती. कॉलिन्सने काही दिवस आधी तिच्याच मैत्रिणीला मागणी घातली होती. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: 'लग्नानंतर प्रेम जुळतंच' असं सांगून आजवर कितीतरी मुलींना गप्प केलं गेलं. म्हणूनच हेयरच्या कथेतलीही एक बाजू मला अस्वस्थ करते. अ‍ॅडमची गरज संपते, जेनीची संपत नाही. तेव्हा पूर्ण घटस्फोटासाठी पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे, आणि बायकोचा पैसा वेगळा लिहून ठेवला नसेल तर बहुतांशी नवऱ्याच्या हाती जाई. आपल्याकडे हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित संपत्तीत मुलीला मुलाइतकाच हक्क देशभर मिळायला २००५ उजाडावं लागलं. अ‍ॅडम जेनीजवळ राहिला तो मोकळा झाल्यावर. जेनी मोकळी असती तर राहिली असती का, हे विचारायची वेळ त्या कादंबरीत कुणावर येतच नाही.