कळसूबाईचा दगड

परभणीच्या माणसाला डोंगराची ओळख कमीच. जिंतूरकडची टेकाडे सोडली तर नजर जाईल तिकडे काळे रान. म्हणून 2019 च्या डिसेंबरात आम्ही नवरा-बायको, दोन लेकरे आणि साठी ओलांडलेली माय असे कळसूबाईला निघालो, तेव्हा गल्लीत पहिला प्रश्न आला, "देवीचा नवस हाय का?" नवस नव्हता. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर, 1646 मीटर, ही मुलीच्या पुस्तकातली ओळ होती आणि तिला ते डोळ्यांनी पाहायचे होते.

दुसरे बोलणे असे की, डोंगर चढणे हे भरल्या पोटाचे काम. हे आम्हाला पटत नाही. 2018 साली चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या आदिवासी मुलामुलींनी एव्हरेस्ट गाठले, त्यांची पोटे कुठे भरलेली होती?

रात्रीच्या देवगिरीने नाशिकरोड, पुढे एस.टी.ने घोटी, आणि भंडारदऱ्याच्या रस्त्यावर बारी गाव. अकोले तालुक्यातील या गावातून नेहमीची वाट आहे. आधी शेतांतून पायवाट, मग चढ, मग थोडी सपाटी, पुन्हा चढ. त्याला कारण आहे. एव्हरेस्टचा माथा चुनखडीचा, म्हणजे एके काळचा समुद्राचा तळ. युरोपातल्या आल्प्समध्येही तसले डोंगर आहेत. आपला सह्याद्री मात्र साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, थरावर थर बसलेला. कठीण थर उभा कडा होऊन राहतो, मऊ थर झिजून सपाटी होते. कड्यांवर आता लोखंडी शिड्या आहेत, काही ठिकाणी साखळ्या. इगतपुरी तालुक्यातल्या इंदोरे गावाकडूनही वाट आहे, पण ती उभ्या चढणीची. माहीतगाराशिवाय लेकरे घेऊन तिकडे जाऊ नये.

पहिल्या शिडीपाशी माय बसली. पांढऱ्या ठिपक्यांचा एक काळा दगड हातात घेऊन म्हणाली, "ह्यो तर आपलाच दगड हाय. बहात्तरच्या दुष्काळात ह्याचीच खडी फोडली म्या." तिचे खरे होते. परभणीच्या मातीखाली हाच पाषाण आहे आणि आपली काळी जमीन ही त्याचीच झीज. आम्ही म्हणालो, "माय, तू इथंच थांब, गुडघे दुखतील." ती म्हणाली, "डोक्यावर खडीच्या पाट्या वाहिल्या, ह्या शिडीला तर धरायला दांडा हाय." आणि चढली. लोक तीन तासांत जातात, आम्हाला पाच लागले. शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे, तिथे लेकरांनी तिचे पाय चेपले.

माथ्यावर देवीचे लहानसे देऊळ. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग. खाली भंडारदऱ्याचे पाणी, 1926 साली पुरे झालेल्या धरणाचे. या रांगेच्या उत्तरेचा पाऊस दारणेला जातो, दक्षिणेचा प्रवरेला, आणि दोन्ही नद्या गोदावरीला मिळतात. तेच पाणी जायकवाडीत, आणि तिथून डाव्या कालव्याने आपल्या जिल्ह्यात. दुष्काळी वर्षात वरची धरणे पाणी सोडणार की नाही यावर दरवेळी भांडण होते. आम्ही कालव्याच्या शेपटाकडची माणसे, त्याचा निकाल पेपरात वाचतो. त्या दिवशी पाण्याचे पहिले टोक पाहिले. मायने विचारले, "मग हे आपल्या गंगाखेडलाबी जातं?" मुलीने तिला बोटाने दोन्ही उतार दाखवले.

ज्यांना जायचे असेल त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी जावे. पावसात शिड्या निसरड्या होतात, आणि शनिवार-रविवारी त्यांच्यापाशी रांग लागते.