दुसरी बाटली

आण्णांच्या उजव्या फुप्फुसात डाग दिसला आणि साताऱ्यात जो तो सांगू लागला, सुई लावू देऊ नका, हत्यार लागलं की गाठ पसरते. बेडका दोनदा तपासला, काही निघालं नाही. डाग पार कडेला, बरगडीलगत. दुर्बीण तिथवर पोचेना. शेवटी मिरजेची गाडी धरली. डॉ. वानलेसांनी 1894 साली तिथं इस्पितळ उभं केलं, तेव्हापासून आमच्याकडे दुखणं हाताबाहेर गेलं की मिरजच आठवते. सांगली सोडून गाडी वानलेसवाडीशी आली तसे आण्णा गप्प झाले. त्यांच्या चुलत्यांना तिथल्याच क्षयाच्या इस्पितळात ठेवलं होतं.

सीटीच्या खोलीत आण्णांना पालथं झोपवलं. पाठीवर खूण केली, भुलीचं इंजेक्शन दिलं. ‘श्वास धरा’ म्हटलं की धरायचा. फुप्फुसाला स्वतःला दुखत नाही, दुखतं ते त्याच्या बाहेरच्या आवरणाला. म्हणून भूल तिथवर नीट पोचवावी लागते. आधी एक पोकळ सुई, तिच्यातून तुकडा काढणारी दुसरी. बाहेर आला तो शेवईएवढा धागा. यासाठी एवढी धास्ती!

चिठ्ठीवर बाटली एकच होती, फॉर्मलिनची. संशय कॅन्सरचा, त्याला तेवढी पुरते. पण तिथल्या टेक्निशियन ताई अडून बसल्या. “सर, एक तुकडा सलाईनमध्ये पण देऊया. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चरला काय लावणार?” डॉक्टरांनी मान डोलावली. ती बाटली ताई स्वतः प्रयोगशाळेत देऊन आल्या. सुईच्या भोकातून छातीत हवा तर भरली नाही ना, ते बघायला संध्याकाळी एक्स-रे झाला, तेव्हा ड्यूटी संपूनही त्या थांबल्या होत्या.

फॉर्मलिनच्या तुकड्यात कॅन्सर नव्हता. क्षयात दिसतात तशा गाठी होत्या, पण रंग देऊनही जंतू सापडेना. सापडला तो सलाईनच्या तुकड्यात, सीबीनॅट तपासणीत. रिफॅम्पिसिन लागू पडेल हेही तिथंच कळलं. सहा महिन्यांच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळाल्या. क्षय निघाला म्हणून कंदी पेढे वाटणारं घर गल्लीत आमचंच!

ताईंना पेढे द्यायला गेलो तर त्यांना आण्णा आठवेनात. बाटली म्हटल्यावर हसल्या, “ते होय? ते मी सगळ्यांनाच सांगते.” आता गावात कुणाचा तुकडा काढायचा असला की आण्णा सोबत जातात आणि डॉक्टरांना आधी विचारतात, “बाटल्या किती?”