सोन्याच्या गडावर पाण्याचे ओझे

जोधपूर सोडल्यावर गाडी पाच-सहा तास रखरखीत माळ तुडवीत जाते आणि मग पिवळ्या दगडाचा एक प्रचंड गड समोर उभा राहतो. तोच जैसलमेर. रावळ जैसलने ११५६ साली त्रिकूट टेकडीवर तो वसवला. रायगड-प्रतापगड पाहिलेल्या आपल्या डोळ्यांना पहिले नवल वाटते ते हे, की या गडावर अजून माणसे नांदतात! दोरीवर कपडे वाळताहेत, गाय गल्ली अडवून उभी आहे आणि बुरुजाखाली पोरांचा क्रिकेटचा डाव रंगला आहे.

गडातली जैन मंदिरे सकाळीच पाहावीत. खाली शहरात पटव्यांच्या पाच हवेल्या आहेत. दगडात अशी जाळी, की सोनाराने पाहून मान खाली घालावी. मला मात्र नथमलची हवेली अधिक आवडली. तिची एक बाजू एका भावाने घडवली, दुसरी दुसऱ्याने. वरवर दोन्ही सारख्या, पण तंतोतंत नव्हेत. मुलांना फरक शोधायला बसवा. अर्धा तास स्वस्थता मिळते. गडावर बंगाली कुटुंबांची गर्दी दिसली तर चकित होऊ नका. सत्यजित राय यांच्या १९७४ च्या ‘सोनार केल्ला’ या चित्रपटाची ती पुण्याई.

जेवायला बसलात की केर-सांगरी मागवाच. केर म्हणजे काटेरी झुडपाची कडवट फळे, सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. दोन्ही वाळवून ठेवायची आणि भिजवून तेलमसाल्यात परतायची. सोबत बाजरीची भाकरी, तुपाची धार आणि दह्यातले गट्टे. आमच्या सौ.ना ताटात एकही हिरवी भाजी दिसेना. वाढणारा हसून म्हणाला, “बाईसा, इथे पाण्यापेक्षा ताक मुबलक होते.” त्या एका वाक्यात सारे पाकशास्त्र आले.

वर्षाला दहा इंचांहूनही कमी पाऊस. शतकानुशतके गाव प्यायले ते गडीसर तलावाचे साठवलेले पाणी. बाया डोक्यावर घडे घेऊन गड चढायच्या. ज्या घरात पाणी असे डोक्यावरून येते, तिथे ते सांडत नाही. पुढे नळ आले, त्यामागून प्रवाशांसाठी खोल्या आल्या, खोलीगणिक न्हाणीघर आले. सांडपाणी टेकडीच्या पोटात मुरू लागले. कोरड्या हवेसाठी बांधलेला गड पायातून भिजू लागला. १९९६ मध्येच जगातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत त्याचे नाव गेले, २०१३ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, आणि २०२४ च्या ऑगस्टमधल्या पावसात तटाचा एक भाग ढासळला.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की गड मनसोक्त फिरा, तिथल्या दुकानांत खरेदी करा, पण मुक्काम खाली शहरात करा. गच्चीवरून उजळलेला गड दिसतो तो खालूनच! वर राहणाऱ्यांनी पोट कसे भरावे, हा प्रश्न उरतोच. तो मला सुटलेला नाही.

समच्या वाळूच्या टेकड्या चाळीस किलोमीटरवर आहेत. उंटांपेक्षा जीपगाड्या आणि कर्णे अधिक. निवांतपणा हवा तर खुडी गावाकडे वळा. परतताना घोटुवाँ लाडवांचा डबा जरूर घ्या, आणि तो गाडीत वरच्या फळीवर ठेवा. खाली ठेवलेला आमचा डबा जोधपूरपर्यंतसुद्धा पोचला नाही.