लोप आणि नाश

व्याकरण शिकवीत असतां एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या गळीं उतरविणें आम्हांस नेहमींच कठीण गेलें. ती गोष्ट म्हणजे लोप. प्रत्ययाचा लोप झाला म्हटलें कीं तो प्रत्यय कायमचा गेला, अशी त्यांची समजूत होई. पाणिनीनें लोपाचा अर्थ न दिसणें एवढाच धरिला आहे. प्रत्यय दिसेनासा झाला तरी त्याच्या निमित्तानें होणारें कार्य होतच राहतें, हेंही त्यानेंच सांगून ठेविलें आहे. जें दिसत नाहीं तें तेथें नाहींच, असें धरून चालणारा अष्टाध्यायींत पावलोपावलीं अडखळतो. संगणकाच्या विद्येंतही तो असाच अडखळतो, हें आम्हीं अलीकडे घरबसल्या पाहिलें. वाचकांसही तें कळावें म्हणून हा लेखनप्रपंच.

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांस लागून असलेल्या सालवड गांवीं आम्ही राहतों. आमची सून येथूनच, घरीं बसून, एका कंपनीकरितां संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते. भाषा पायथन, गुइडो व्हान रॉसम या डच गृहस्थानें ती १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध केली. प्रोग्रॅम लिहिला म्हणजे काम संपत नाहीं. त्याची परीक्षा घेणारे छोटे प्रोग्रॅमही लिहावे लागतात. त्यांस 'टेस्ट' म्हणतात, आणि त्या चालविण्याकरितां होल्गर क्रेकेल यांनीं सुरू केलेलें 'पायटेस्ट' हें साधन पुष्कळ ठिकाणीं वापरतात.

टेस्ट नापास झाली कीं पायटेस्ट तिचा मागोवा पडद्यावर मांडतें. त्यास 'ट्रेसबॅक' असें नांव आहे. कोणत्या ओळीनें कोणास बोलाविलें, त्यानें पुढें कोणास बोलाविलें, आणि शेवटीं पाऊल कोठें घसरलें, अशी ती चुकीची वंशावळच असते. वंशावळ लांबली कीं मूळपुरुष आणि शेवटचा वंशज यांच्यामध्यें बिनकामाचीं नांवेंच फार. तसेंच येथें होतें. म्हणून पायटेस्ट स्वतःच्या अंतर्गत पायऱ्या आपण होऊन गाळतें. मागोवा सविस्तर हवा, आटोपशीर हवा, एका ओळींत हवा कीं मुळींच नको, हेंही त्यास सांगतां येतें. शिवाय प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास आपल्याही पायऱ्या झांकतां येतात. ज्या फंक्शनचें काम केवळ तपासणीस मदत करण्याचें, त्याच्या आंत 'ट्रेसबॅकहाइड' हें नांव, दोन्ही अंगांस दोन-दोन अधोरेषा देऊन लिहावें आणि त्यास 'खरें' अशी किंमत द्यावी, कीं ती पायरी मागोव्यांतून दिसेनाशी होते. वाचणाऱ्याची नजर मग थेट टेस्टमधील त्याच्या स्वतःच्या ओळीवर जाते. सोय उत्तम आहे, आणि रोजच्या कामांत ती हवीच.

सुनेच्या कचेरींत एक मुलगा नुकताच कामास लागला होता. मालाच्या वजनांचा हिशेब ठेवणाऱ्या प्रोग्रॅमची एक टेस्ट त्यानें लिहिली; ती नापास झाली. मागोव्यानें बोट ठेविलें तें त्याच्या ओळीवर, आणि खालीं तक्रार अशी, कीं 'एकक' या नांवाची नोंद सांपडत नाहीं. त्याच्या ओळींत तर असला शोध नव्हताच. तींत एका जुन्या मदतनीस फंक्शनला हांक मारलेली, एवढेंच. मुलानें दिवसभर तीच ओळ दहा प्रकारांनीं लिहून पाहिली. सायंकाळीं वरिष्ठांनीं शेरा दिला, कीं याचें कामांत लक्ष नाहीं. त्याची नेमणूक अजून कायम व्हावयाची होती.

रात्रीं सुनेनें तीच टेस्ट 'फुल-ट्रेस' हा पर्याय जोडून चालविली. त्या पर्यायानें झांकलेलें सारें उघडें होतें. पाहते तों चूक मदतनीस फंक्शनच्या पोटांत! एकक न लिहिलेला माल पुढें आला तर काय करावें, याचा विचार तें लिहिणाऱ्यानें केलाच नव्हता. ती आम्हांस म्हणाली, "मामंजी, त्या मुलाची ओळ निर्दोष आहे. चुकलेली ओळ आमच्याच मंडळींनीं झांकून ठेविली, आणि जी उघडी राहिली तिला धरलें." तिनें लगेच तो संपूर्ण मागोवा वरिष्ठांकडे पाठविला, आणि दुसऱ्या दिवशीं शेरा मागें घेतला गेला.

मग झांकण्याची ती ओळ सरसकट काढून टाकावी काय? सुनेनें तसें केलें नाहीं. 'खरें' या किंमतीच्या जागीं एक लहानसें फंक्शनही ठेवितां येतें. चूक घडली कीं पायटेस्ट ती त्याच्या हातीं देतें, आणि पायरी झांकावी कीं नाहीं याचा निर्णय त्यावर सोपवितें. तिनें तेथें नियम घातला, कीं मदतनीसानें जाणूनबुजून नोंदविलेली, त्याच्या ठराविक जातीची तक्रार असेल तरच पायरी झांकावी; दुसरी कोणतीही चूक असेल तर ती उघडी ठेवावी. व्याकरणाच्या भाषेंत सांगावयाचें तर जो उत्सर्ग होऊन बसला होता तो आतां अपवादापुरता उरला. रूबी भाषेंतील 'आरस्पेक' या साधनाची रीतही आम्हांस आवडली. तेथें काय गाळावें याचे नमुने ज्याचे त्यास ठरवितां येतात. परंतु त्यांमुळें मागोव्याची एकही ओळ उरत नसेल, तर तें साधन तसें स्पष्ट सांगून सगळाच मागोवा समोर ठेवितें.

गाळणें हेंच मुळीं अप्रामाणिकपणाचें, असें कोणी म्हणेल तर त्यास दुसरी बाजूही दाखविली पाहिजे. १९६९ सालापासून तारापूरचें अणुविद्युत् केंद्र आमच्या शेजारीं असल्यामुळें अणुभट्टीची गोष्ट निघाली कीं आमचे कान टंवकारतात. अमेरिकेंतील पेन्सिल्व्हानिया राज्यांत, थ्री माइल आयलंड येथें, २८ मार्च १९७९ रोजीं अपघात झाला, तेव्हां पहिल्या कांहीं मिनिटांतच शंभरावर इशारे सुरू झाले. बिनमहत्त्वाचे इशारे दाबून महत्त्वाच्यांकडे लक्ष देतां यावें अशी सोय तेथें नव्हती, असें चौकशीकरितां नेमिलेल्या केमेनी समितीनें नमूद केलें. चाळणी नसली म्हणजे असा गोंधळ होतो. पण त्याच खोलींत एका झडपेचा दिवाही होता. तो विझला याचा अर्थ झडप बंद करण्याचा हुकूम गेला, एवढाच. ती खरोखर बंद झाली कीं नाहीं, हें त्यावरून कळत नसे. झडप उघडीच अडकली होती, भट्टीचें पाणी वाहून जात होतें, आणि माणसें विझलेल्या दिव्यावर विसंबून राहिलीं. नको तें पुष्कळ दिसत होतें, आणि हवें तें तेवढें दिसत नव्हतें.

तात्पर्य, गाळणाऱ्यानें दोन पथ्यें पाळावींत. आपणांस ज्या चुकीची ओळख आहे तीच झांकावी, अनोळखी चूक झांकूं नये; आणि झांकलेलें उघडून पाहण्याची वाट नवख्यांस पहिल्याच दिवशीं दाखवावी. ही विद्या शिकणारीं मुलें आज आपल्या पुष्कळ वाचकांच्या घरीं आहेत. एखाद्या सायंकाळीं त्यांपैकीं कोणी खिन्न होऊन बसलें, आणि 'पडद्यावर माझीच ओळ दिसते आहे' असें म्हणूं लागलें, तर वडील मंडळींनीं उपदेश करण्यापूर्वीं एवढेंच विचारावें, "बाळ, संपूर्ण मागोवा पाहिलास काय?"